सात दिव्यांची हजेरी

‘गेला’ हा शब्द आमच्या यार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहायला बंदी आहे. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तसं लिहिलेलं आहे, खाली दोन रेघा मारून. नवा ऑपरेटर कामाला लागला की आठवड्याभरात विचारतो, “मॅडम, हे काय आहे?” मग मला वडके सरांविषयी सांगावं लागतं. सकाळच्या घाईत दोन वाक्यांत सांगून संपेल असा हा माणूस नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवते. यापुढे ज्याला विचारायचं असेल त्याने हे वाचावं आणि आपल्या कामाला लागावं.

मांजरीत आमचं यार्ड आहे. आजूबाजूला थोडा ऊस उरलाय, बाकी बारा-बारा मजले उभे राहिलेत. माणसाला उंचावर नेणारी यंत्रं आम्ही भाड्याने देतो. काचा पुसायच्या असोत, बाहेरून रंग द्यायचा असो, शिडी पुरत नाही तिथे आमचं बूम जातं. बूम म्हणजे चाकांवरच्या गाडीला जोडलेला एक लांब लोखंडी हात, आणि त्याच्या टोकाला माणूस उभा राहील एवढा पिंजरा. धंदा माझा धाकटा भाऊ सुहास याने सुरू केला. त्याला कल्पना सुचतात आणि त्या निस्तरते मी. वडके सर ही त्याचीच कल्पना.

सर तांत्रिक शाळेत वीजकाम शिकवून निवृत्त झालेले. मूळ कसबा पेठेतले, तांबटांच्या घरातले. घरात सकाळपासून हंडे-पातेली ठोकणं चालायचं, त्यामुळे विशीतच कानांनी साथ सोडलेली. ऐकू अगदीच येत नसे असं नाही. सोयीचं येई. पहिल्या दिवशी ते माझ्यासमोर बसले: पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात पेन्सिल, मांडीवर स्टीलचा डबा.

“सर, तुम्ही आमच्याकडे नेमकं काय करणार?” मी मोठ्याने विचारलं.

“वाचायला शिकवीन.”

“आमची माणसं शिकलेली आहेत. दत्ता घुले बारावी पास आहे.”

“बोलवा त्यांना.”

दत्ता घुले आमचा सगळ्यात जुना ऑपरेटर. चाळिशीचा, इथलाच. घरची जमीन बिल्डरकडे गेल्यावर, ज्या मातीत ऊस होता तिथेच उभ्या राहिलेल्या इमारतींना पिंजऱ्यातून रंग देतो. सरांनी त्याला यंत्राच्या पिंजऱ्यातल्या पॅनलसमोर उभं केलं आणि ओळीने असलेल्या सात दिव्यांकडे बोट दाखवलं. “काय लिहिलंय?”

“ह्यो लाल हाय, ह्यो पिवळा हाय. लाल लागला की ताईंना फोन करायचा.”

“आणि पिवळा लागला की?”

“पिवळ्याला कोन इचारतंय!”

सरांनी माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवसापासून कामाला आले आणि माझ्या सकाळी संपल्या.

कारण हजेरी. यंत्राची किल्ली एक घर फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी पॅनलवरचे सगळे दिवे दोन-तीन सेकंद एकदम लागतात आणि मग विझतात. तोवर आमच्यापैकी कुणी त्या दोन-तीन सेकंदांकडे ढुंकून बघितलं नव्हतं. सरांनी त्यांना हजेरी असं नाव दिलं. प्रत्येक यंत्राची, रोज. किल्ली फिरवायची, बोटाने एकेक दिवा दाखवायचा आणि त्याच्या वतीने ओरडायचं. “किटली?” “हजर!” किटली म्हणजे इंजिनाच्या तेलाचा दिवा, कारण त्यावर तसं चित्र असतं. मग बॅटरी, मग थर्मामीटर. पिंजऱ्यात जादा वजन झालं की लागणारा दिवा. आणि गाडी तिरप्या जमिनीवर उभी असेल तर लागणारा, उतारावरच्या गाडीच्या चित्राचा. त्याला दत्ताने नाव ठेवलं घसरगुंडी. दोन सेकंदांत सात होत नाहीत, म्हणून किल्ली पुन्हा मागे, पुन्हा पुढे. बाहेर ट्रक खोळंबलेले, माझ्या कानाला गिऱ्हाइकाचा फोन, आणि आत बायकामुलांचे धनी असलेले बाप्ये ‘घसरगुंडी हजर’ म्हणून ओरडतायत.

“सर, लागले ना सगळे एकदम? मग झालं.”

“बाई, वर्गात कलकलाट आहे म्हणजे पट पूर्ण आहे, असं नसतं.”

मला ते पहिल्यापासून बाई म्हणत, दुसऱ्या तुकडीच्या मास्तरीणबाईंना म्हणावं तसं.

“अहो, पण दिवा लागला नाही म्हणजे बिघाड नाही, इतकं साधं आहे ना?”

“गैरहजर मुलाने दंगा केला नाही म्हणून त्याला शहाणा म्हणतात का?”

मी गिऱ्हाइकाला सांगितलं, गाडी निघाली आहे. गाडी समोर उभी होती.

सर पेन कधीच वापरत नसत. शाईने चूक केली की माणूस ती बरोबर आहे म्हणून भांडत बसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांची पेन्सिल मात्र शाईपेक्षा वाईट. संध्याकाळी ऑपरेटरांनी रजिस्टरमध्ये दिवसाचं लिहायचं, आणि सर ते शाळेच्या वहीसारखं तपासायचे. समासात शेरे. दत्ताने लिहिलं होतं, “बॅटरीचा दिवा गेला.” सरांनी शेजारी लिहिलं: “कुठे? लग्नाला?”

दत्ता चिडला. मलाही ते आगाऊपणाचं वाटलं. मी दोघांना समोर घेतलं.

“गेला म्हणजे काय ते दत्ताला माहीत आहे,” मी म्हटलं.

“मला नाही. मघाशी लागलेला होता तो विझला, म्हणजे बॅटरी सुधारली, की दिवाच मेला? विझला असेल तर विझला लिहा. मेला असेल तर मेला लिहा.”

“न्हाई लिहिनार,” दत्ता म्हणाला. “आमच्यात दिवा इझला म्हनत न्हाईत. आन मेला तर न्हाईच न्हाई. म्हातारी घरात पाय ठिवू द्यायची न्हाई मला.”

“हा देवघरातला दिवा नाही.”

“दिवा त्यो दिवाच.”

“सर,” मी म्हटलं, “लिहू द्या ना त्याला त्याच्या भाषेत. कामं पडली आहेत.”

सरांनी पेन्सिल खिशात ठेवली. आपला निकाल योग्य होता, याविषयी मला तेव्हा शंका नव्हती.

त्याच वर्षीच्या दसऱ्याला दोन दिवस मी घरी राहिले, तर एवढं झालं. खंडेनवमीला पोरांनी यंत्रं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या आणि मोठ्या प्रेमाने पॅनलवरच्या एकेका दिव्याच्या काचेवर हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. दसरा उलटल्यावर मी आले, तेव्हा सर पिंजऱ्यात चढून ओल्या रुमालाने एकेक काच पुसत होते आणि खाली सहा जण पाप केल्यासारखे उभे होते. हळदीखाली पांढरे दिवे पिवळे झाले होते, कुंकवाखाली पिवळे लाल, आणि लाल दिवे दिसतच नव्हते.

“देवाला गंध लावा,” सर वरून म्हणाले. “देवाच्या डोळ्यांत घालू नका.”

“सर, सणाचं काय बोलायचं ते जपून बोला,” मी खालून म्हटलं.

“काय म्हणालात?”

“काही नाही!”

सोयीचं ऐकू येई ते हे असं.

गिऱ्हाइकांसमोर तरी गप्प बसावं की नाही? एका सोसायटीच्या रंगकामावर आमचं यंत्र होतं. बॅटरीचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला आणि सरांनी काम थांबवलं. सोसायटीचे अध्यक्ष तरातरा खाली आले. “अहो, हा असला दिवा माझ्या गाडीत दोन वर्षं लागलेला आहे. काही होत नाही.”

“तुमची गाडी किती मजले वर जाते?” सरांनी विचारलं.

त्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षी दुसरीकडून यंत्र मागवलं. सुहास म्हणाला, जाऊ दे. त्याला म्हणायला काय जातं?

आता तो दिवस.

सरांच्या मुलीने हट्टाने त्यांना कर्वे रस्त्यावरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यामुळे सर आदल्या दिवसापासून रजेवर. मला, खोटं कशाला सांगू, सुट्टी मिळाल्यासारखं वाटत होतं. कर्वेनगरच्या एका कॉलेजच्या दर्शनी भिंतीवरच्या काचा बसवायच्या होत्या आणि बूम दहाला तिथे हवं होतं. मी रजिस्टर उघडलं. त्या यंत्रापुढे आदल्या संध्याकाळचं दत्ताचं अक्षर: “घसरगुंडीचा दिवा सकाळपासून लागून होता. संध्याकाळी गेला.” बरं झालं गेला, असं मनात म्हणून मी खाली ‘तपासले’ लिहिलं, सही केली आणि यंत्र सोडलं. हजेरी घेतली नाही. दत्ताने विचारलंसुद्धा, “ताई, हजेरी?” मी म्हटलं, “आज सर नाहीत. निघ.” सकाळ इतकी सुरळीत गेली की साडेअकराला मी चहा गरम असताना प्यायले.

तेवढ्यात सरांचा फोन.

“बाई! डॉक्टरांनी कानात यंत्र बसवलंय! फोनवर चालतं का बघायचंय! काहीतरी वाचून दाखवा!”

“काय वाचू?”

“समोर असेल ते!”

समोर रजिस्टर होतं. मी शाळेत धडा वाचावा तसं वाचलं, “घसरगुंडीचा दिवा सकाळपासून लागून होता. संध्याकाळी गेला.”

पलीकडे शांतता. मला वाटलं, चालत नाही यंत्र. मी ओरडून पुन्हा वाचलं.

“ओरडू नका, ऐकू आलं,” सर म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. “सकाळी यार्डातल्या सपाट फरशीवर तो लागून का होता?”

“असेल काहीतरी. गेला ना पण.”

“गेला म्हणजे विझला की मेला?”

मी ती ओळ पुन्हा बघितली. त्यात ते लिहिलेलंच नव्हतं.

“हजेरी घेतलीत?”

“नाही.”

“यंत्र कुठे आहे?”

“कर्वेनगरला. कॉलेजवर. दत्ता वर असेल.”

फोन बंद झाला.

आमचं ते बूम जुनं आहे. नवी यंत्रं तिरप्या जमिनीवर उभी असली की हात वर जाऊच देत नाहीत. हे थांबवत नाही, नुसतं सांगतं: दिव्याने आणि भोंग्याने. ऐकायचं की नाही ते माणसाच्या हातात. सांगणाराच मुका झाला असेल, तर दत्ता पिंजऱ्यातून हात लांबवत जाणार आणि खाली गाडीचं एक चाक उचललं जात असलं तरी त्याला कळणार नाही. मी दत्ताला फोन लावला. वाजत राहिला. पिंजऱ्यात फोन न्यायचा नाही, तो खाली ट्रकमध्ये ठेवायचा, हा नियम सरांचाच, आणि दत्ता तो पाळतो. कॉलेजच्या ऑफिसला लावला. कुणी उचललं नाही.

मी गाडी काढली. मांजरीहून कर्वेनगर म्हणजे पुण्याच्या या टोकाहून त्या टोकाला. मी देवाचं नाव घेणारी बाई नाही. मी सिग्नल मोजले. दरेक सिग्नलला ‘निघ’ हा माझाच आवाज ऐकू येत होता, त्याला माझा इलाज नव्हता. दत्ताच्या थोरल्या मुलीचं ॲडमिशन मी करून दिलं होतं. तिला काय सांगायचं याची वाक्यंही तयार करून बघितली. एकही धड होईना.

पोचले तेव्हा बूम खाली होतं, हात आवरलेला. दत्ता कट्ट्यावर बसला होता, तोंड रागाने लाल. त्याला बघून मी गाडीतच दोन मिनिटं बसून राहिले आणि मग पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखी उतरले.

“ताई, ह्या मास्तरला आवरा!” दत्ता ओरडला. “मी तिसऱ्या मजल्यावर, काच हातात धरलेली, आन खालनं ह्यांनी चावी फिरवली! हात आत घेतला माझा, पिंजरा खाली आनला! मी वरनं वरडतोय, बोंबलतोय, शिव्या घालतोय, हा मानूस वर बघंना!”

खालच्या पॅनलवर एक किल्ली असते. ती फिरवली की वरच्या माणसाचा ताबा खाली येतो. सर डॉक्टरांकडून रिक्षाने दहा मिनिटांत पोचले होते आणि त्यांनी बरोबर क्रमाने काम केलं होतं: आधी लांबलेला हात आत ओढून घेतला, मग खाली आणला.

सर मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते, माझीच वाट बघत. कानातलं नवं यंत्र कानात नव्हतं.

“सर, तो इतकं ओरडला, तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“यंत्र खिशात होतं. शिव्या ऐकायला कशाला बॅटरी खर्च करायची?”

मग त्यांनी आपल्या डब्याचं झाकण उलटं करून गाडीच्या सपाट पत्र्यावर ठेवलं आणि त्यात बाटलीतलं पाणी ओतलं. पाणी झाकणात पसरलंच नाही. सगळं एका कडेला जमा झालं आणि तिथून सांडायला लागलं. दत्ता उठून जवळ आला. त्या बाजूच्या चाकाखाली कॉलेजच्या अंगणातल्या फरश्या खचल्या होत्या, वीतभर.

दत्ता ते पाणी बघत राहिला. मग त्याने वर बघितलं, तिसऱ्या मजल्याकडे. मग पुन्हा पाण्याकडे.

सरांनी पॅनलच्या मागचं झाकण उघडलं. घसरगुंडीच्या दिव्याची आणि भोंग्याची वायर एकाच जोडातून जाते. तो जोड सुटून लोंबत होता. आदल्या दिवशी सैल होऊन सपाट जमिनीवरही बोंबलत होता, संध्याकाळी निखळला आणि गप्प बसला. सरांनी तो अंगठ्याने दाबून बसवला, तसा भोंगा असा किंचाळला की मी आणि दत्ताने कान झाकले. कॉलेजची मुलं खिडक्यांशी आली.

सर आमच्याकडे बघत होते. “वाजतोय का?”

“वाजतोय!” आम्ही दोघं ओरडलो.

“बरं,” सर म्हणाले आणि झाकणातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या टेबलापाशी रजिस्टर घेऊन आले. बोलणी खायची माझी तयारी होती. खरं तर त्यांनी रागवावं, म्हणजे विषय संपेल, असं वाटत होतं.

“सही कुणाची?”

“दिसतेय की. माझी.”

“वाचून केलीत?”

“वाचून केली.”

“मग वाचता येत नाही,” सर म्हणाले आणि खुर्चीवर बसले. तेवढंच. सुहासला त्यांनी हे कधीच सांगितलं नाही. त्याचाही मला राग आला. सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

मग त्यांनी दत्ताला बोलावलं. “घुले, तुमच्याकडे संध्याकाळी देवापुढचा दिवा... तो संपला की म्हातारी काय म्हणते?”

“शांत झाला म्हनती.”

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. “या शब्दातही भानगड आहे,” ते पुटपुटले. “पण चालेल.” आणि पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीने लिहिलं: लागून विझला तर ‘शांत’. हजेरीला लागलाच नाही तर ‘गैरहजर’. ‘गेला’ लिहू नये. खाली दोन रेघा. सरांनी माघार घेतलेली मी बघितली ती ही एकच वेळ, आणि तीही म्हातारीपुढे.

त्या दिवसापासून पहिल्या यंत्राची हजेरी मी घ्यायची, असं ठरलं. कुणी ठरवलं ते विचारू नका. पन्नाशी उलटलेली बाई सकाळी आठ वाजता पिंजऱ्यात उभी राहून ‘किटली’ म्हणून ओरडते. बाहेर ट्रक अजूनही खोळंबतात. गिऱ्हाइकांचे फोन अजूनही येतात. मी त्यांना सांगते, गाडी निघाली नाही.

पुढे सरांची मुलगी नाशिकला राहायला गेली आणि त्यांना बरोबर न्यायचं ठरलं. शेवटच्या दिवशी त्यांनी समारंभ करू दिला नाही. नारळ घेतला, शाल परत केली. “नाशिकच्या थंडीसाठी माझ्याकडे एक आहे,” म्हणाले. मी गाडीने सोडते म्हटलं, तर तुमच्या हजेऱ्या राहतील म्हणाले. आमच्या फाटकासमोरच बसचा शेवटचा थांबा आहे. ऑफिसच्या खिडकीतून मला दिसत होतं: बस उभी, सर पुढच्या दाराने चढले आणि आत जाण्याऐवजी ड्रायव्हरच्या खांद्यावरून वाकून उभे राहिले. मागे माणसं अडलेली. कंडक्टर हात हलवत होता. ड्रायव्हरने किल्ली फिरवली आणि सरांचं बोट हवेत एकेक घर पुढे सरकायला लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. चांगली पाच-सात मिनिटं गेली त्यात. वळून बघते तर थांबा मोकळा.

दत्ता दारात आला. “ताई, सर गेले.”

मी रजिस्टरमधून मान वर केली. “गेले म्हणजे?”

दत्ताने हात मागे बांधले, हजेरीला बांधतो तसे.

“पहिल्या बसमधनं उतरले. तिचा एक दिवा गैरहजर व्हता. ड्रायव्हरला सांगितलं, तर त्यो हसला. मग मागनं दुसरी आली, तिच्यात बसले. पुढच्याच शिटावर. म्या स्वता बघितलं.”

“आणि त्या दुसऱ्या बसचे?”

“सगळे हजर.”